दॅनमास्तर

वडशाच्या स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात एक गृहस्थ रोज सकाळी चहा प्यायचे आणि हॉटेलवाला रोज त्यांना एकच प्रश्न विचारायचा. "काऊन मास्तरजी, आजचा चहा कालच्यापेक्षा बरा झाला का?" गृहस्थ कप खाली ठेवत, चष्मा वर सरकवत आणि म्हणत, "कालचा चहा आज समोर नाही. कसं सांगू?" बाकड्यावरचे हमाल हसायचे. गृहस्थांना मात्र आपण काही विनोदी बोललो याचा पत्ताच नसे. छत्री उचलून ते शाळेकडे निघायचे. एकदा खोड काढायची म्हणून हॉटेलवाल्याने आदल्या दिवशीचा उरलेला चहा गरम करून आजच्या कपाशेजारी ठेवला. त्यांनी दोन्ही कप शांतपणे संपवले आणि सांगितलं, "दुधात आजचा बरा. साखरेत कालचा." हॉटेलवाल्याने कालचा चहा ठेवायचा नाद सोडला. प्रश्न विचारायचा काही सोडला नाही.

हे आमचे इंग्रजीचे मास्तर. नाव होतं त्यांना, चांगलं लांबलचक होतं, पण अख्खं वडसा त्यांना दॅनमास्तर म्हणायचं. मराठीत आपण जिथे 'पेक्षा' म्हणतो तिथे इंग्रजीत 'दॅन' येतो, आणि या माणसाचा सगळा जीव त्या एवढ्याशा शब्दात. बाकीचं इंग्रजी शिकवत नसत असं नाही. काळ शिकवत, स्पेलिंगं घोटून घेत. पण तुलनेचा धडा आला की त्यांच्या अंगात यायचं. दुसऱ्या शाळांत तो आठवडाभरात उरकत असतील. आमच्याकडे धानाच्या रोवणीच्या वेळी सुरू व्हायचा आणि धान कापणीला आला तरी चालूच. हेडमास्तरांनी हात टेकले होते.

उंच, वाळका माणूस. काळा कोट भर उन्हाळ्यातही अंगावर. कोटाच्या एका खिशात शिंप्याची टेप, दुसऱ्यात सुतळीचा गुंडा. आले होते दूर उत्तरेकडच्या सागर गावाहून, त्यामुळे मराठी बोलत ती पुस्तकातली, मध्येच हिंदीचं वळण घेणारी. भाताच्या गिरणीमागे एका खोलीत एकटे राहायचे, म्हणून कोटावर कायम कोंड्याची पूड. लग्न का केलं नाही, याची गावात एक गोष्ट होती. म्हणे दोन स्थळं सांगून आली, तर हे म्हणाले दोन्ही मुलींना एकाच दिवशी एकाच ओसरीवर बसवा. गोष्ट खोटी असणार. पण वडशातल्या शहाण्यासुरत्या माणसांना ती खरी वाटायची, यात सगळं आलं.

शिकवायचे मात्र असं की पोरं जन्मात विसरायची नाहीत. "लहान शब्दाला मागे शेपूट लावा. टॉलचं टॉलर, शॉर्टचं शॉर्टर. लांब शब्दाला शेपूट पेलत नाही. त्याच्यापुढे हमाल द्यायचा. हमालाचं नाव मोअर. 'ब्युटिफुल'चं ओझं मोअर वाहतो. शेपूटही आणि हमालही, अशी चैन इंग्रज करत नाही." मग आवाज खाली आणून सांगायचे, "गुडचं मात्र लग्न झालं. सासरी तिचं नाव बेटर. माहेरचं नाव आता विसरायचं." वर्गात बसणाऱ्या दोन-तीन पोरी माना खाली घालायच्या.

इथवर कोणताही चांगला मास्तर करील. पुढचं वेड त्यांचं स्वतःचं. तुलनेचं वाक्य फळ्यावर लिहायचं तर ते आधी खरं ठरलं पाहिजे. हा बांबू त्या बांबूपेक्षा लांब, एवढं एक वाक्य; त्यासाठी सगळा वर्ग स्टेशनाजवळच्या लाकडाच्या डेपोत. छोट्या रेल्वेगाडीत चढवायला बांबूचे गठ्ठे पडलेले असत. पोरं टेप लावायची, मास्तर छत्रीच्या टोकाने खूण करायचे. डेपोचा चौकीदार धावत आला. "मास्तरजी, पोट्टे माल मोजून राह्यले का चोरून राह्यले?" मास्तर म्हणाले, "मोजतायत. चोरायचं असतं तर मोजलं नसतं." चौकीदाराला हे पटलं, हे विशेष.

वैनगंगेचं तर विचारू नका. नदी उन्हाळ्यापेक्षा श्रावणात रुंद असते हे सांगायला कोणी मास्तर लागतो का? पण यांनी उन्हाळ्यात पाण्याच्या कडेला खुंटी ठोकली, पावसाळ्यात ती पाहायची म्हणून. खुंटी पुरात वाहून गेली. मास्तरांनी वर्गात येऊन सांगितलं, "चूक माझी. खुंटी उथळ ठोकली. खुंटी नाही तर वाक्य नाही." आणि त्या वर्षी ते वाक्य त्यांनी शिकवलंच नाही. स्वतःची चूक झाली की ते भर वर्गात अशी सांगून टाकायचे, त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

त्यांच्या तोंडी दोनच प्रश्न असायचे. कोणी म्हटलं, अमका मोठा की ते विचारणार, "कोणापेक्षा?" त्याने नाव सांगितलं की लगेच पुढचा, "कशात?" हिवाळ्यात दोन नाटकमंडळ्या आल्या आणि लोकांनी विचारलं, मास्तरजी, यंदा कोणाचं नाटक चांगलं, तर हे दोन्हींची तिकिटं काढून बसणार आणि शेवटी म्हणणार, "रडण्यात पहिलं. गाण्यात दुसरं." दुकानदारांनी तर त्यांची धास्तीच घेतली होती. एका दिवाळीत एक दुकानदार नवा चिन्नोर म्हणून तांदूळ त्यांच्या पिशवीत घालू लागला. मास्तरांनी चार दाणे तळहातावर घेतले. "चिन्नोर अजून शेतात हिरवा उभा आहे. हा कुठून आला?" दुकानदाराने मुकाट्याने पिशवी रिकामी केली. ही गोष्ट लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

तर अशा माणसाच्या तावडीत आमचे बाबा सापडले.

आमचं गाव वडशाला पायी जाऊन येता येईल इतकं जवळ. धानाची शेती, चार म्हशी, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची. आम्ही दोन भावंडं, दादा आणि मी. गावच्या शाळेत चौथीपर्यंत दोघं बरोबर होतो. पुढे बाबांनी दादाला वडशाला इंग्रजी शिकायला घातलं आणि मला घरी ठेवलं. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. एकानं शिकावं, एकानं घर पाहावं, अशी रीत. मी म्हशीमागे जायची, मायबरोबर कांडण करायची, आणि संध्याकाळी दादा पडवीत बसून घसा ताणून धडे घोकायचा ते ऐकायची. ऐकून ऐकून माझं पाठ व्हायचं. त्याचं व्हायचं नाही. मी हुशार होते असं माझं म्हणणं नाही. कोणापेक्षा, असं वरून कोणीतरी विचारील.

दादा एकदा नापास झाला. दुसऱ्या वर्षीही तिमाहीला तीच गत झाली, तेव्हा बाबा धोतर झटकून उठले आणि शाळेत गेले. पुढचं सगळं दादा दाराआडून पाहत होता, त्याच्याचकडून मी हे ऐकलं.

"मास्तरजी," बाबा म्हणाले, "पोट्टं ढ हाय. घरी नेतो म्हणतो."

"ढ? कोणापेक्षा?"

बाबांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. त्यांनी सरळ उत्तर दिलं. "आता कोणापेक्षा म्हणू जी. त्याच्या बहिणीपेक्षा म्हणा. ते पोट्टी नुसती ऐकून पाठ म्हणते."

"कशात?"

"तुमच्या इंग्रजीत. त्या दॅनदॅनमधी."

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला. "फार मोठं वाक्य केलंत तुम्ही. बहीण कुठे आहे?"

"घरी हाय. म्हशीमागं."

"मग वाक्य अर्धं आहे. दोन्ही समोर पाहिजेत. उद्या तिला घेऊन या."

"कायले जी?"

"शेजारी बसवून पाहू. सहामाही झाली की निकाल मी स्वतः देतो. तोवर कोणाला घरी न्यायचं नाही."

बाबा घरी आले ते डोकं खाजवत. "मास्तर थोडा सरकला हाय," ते मायला म्हणाले, "पण म्हणणं काही चुकीचं नाई. पाह्यल्याबिगर कसं सांगाव?" माय म्हणाली, "पोरीले आता वडशाले धाडता? तिच्या मामानं धानोऱ्याकडचं स्थळ पाहून ठेवलं, ते?" बाबांनी पागोटं उतरवून ठेवलं. मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाहू. जो हुशार निंगन तो शिकन. दुसरा घरी येईन. हा माझा शब्द." आमचे बाबा शब्दाचे पक्के. एकदा बोलले की देवाने सांगितलं तरी फिरायचे नाहीत. ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून माय पुढे काही बोलली नाही.

मी दुसऱ्या दिवशी परकर-पोलकं धुवून, तेल लावून केस चापून शाळेत गेले. आनंदाने माझे पाय जमिनीवर नव्हते. मुलींची जागा खिडकीशी असायची, पण मास्तरांनी मला तिकडे जाऊच दिलं नाही. दादाच्या शेजारी, टेबलापुढच्या बाकावर बसवलं. "तुलना करायची तर मध्ये अंतर नको," म्हणाले. पोरं खिदळली. दादाचे कान लाल झाले. मला मात्र कोणी हसलं तरी चाललं असतं, छतावर बसवलं असतं तरी मी बसले असते.

हे सुख फार टिकलं नाही. शाळेतून येताना दादा एक दिवस वाटेत थांबला आणि म्हणाला, "तू जितली तं मी म्हशीमागं जाईन." मी म्हटलं, "तू जितला तं मी धानोऱ्याले जाईन." दादाला म्हशींचं वावडं नव्हतं, पण त्याच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. छोट्या गाडीचा गार्ड शेवटच्या डब्यातून हिरवं निशाण दाखवतो, ते निशाण त्याला आपल्या हातात हवं होतं. आणि त्यासाठी शिकायला लागतं हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. माझं तर काय, मला नुसतं त्या बाकावर बसून राहायचं होतं. त्याचं निशाण हिसकावून बसायचं नव्हतं, एवढंच. दादा माझा जीव की प्राण होता.

मग आम्ही शक्कल काढली. दोघांना मार्क सारखेच पडायचे. दादाने थोडं वर यायचं, मी थोडं खाली. शाळेच्या वाटेवर आम्ही चुका ठरवून घ्यायचो. तू हे चुकणार ना, मग मीही हेच चुकते. मास्तर आठवड्याला पाटीवर परीक्षा घ्यायचे. एकदा, दोनदा, सारखे मार्क. आम्हाला वाटलं, जमलं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी माझी पाटी हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवलीच नाही. मी दादासारखंच लिहिलं होतं, 'मोअर टॉलर'. "शेपूटही आणि हमालही?" ते म्हणाले. "काल तू फळ्यावर हे बरोबर लिहिलं होतंस." मग दादाची पाटी पाहिली. दोन्ही पाट्या शेजारी शेजारी धरल्या, आणि आम्हाला बाहेर पायऱ्यांवर घेऊन गेले.

मी त्यांना इतकं रागावलेलं तेव्हाच पाहिलं. आवाज चढला नाही, पण दोन्ही पाट्या त्यांनी पायरीवर दाणकन ठेवल्या. "खोटं माप ठेवलंत तुम्ही. मोजणाऱ्याला फसवलंत. वजनात खोट करणाऱ्या दुकानदारात आणि तुमच्यात फरक काय?" दादा रडायलाच लागला. मग मीच सगळं सांगून टाकलं. बाबांचा शब्द, म्हशी, धानोरा, हिरवं निशाण, सगळं. सांगताना मलाही रडू आलं.

मास्तर कोटासकट पायरीवर बसले. "म्हणजे मी निकाल दिला की तुमच्यातला एक जण शाळेतून जाणार?"

"हो जी," मी म्हटलं.

"हे मला कोणी सांगितलं नाही."

दादा नाक पुसत म्हणाला, "तुमी विचारलं नाई जी."

मास्तर कोंड्याची पूड कोटावरून झटकत राहिले. शेवटी म्हणाले, "मी शब्द दिला आहे, निकाल द्यावाच लागेल. आणि खोटं वाक्य मी करणार नाही. तुम्हीही करू नका. सहामाहीला आपापला खरा पेपर लिहा." दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवाल्याने नेहमीचा प्रश्न विचारला, तर मास्तर म्हणाले, "दोन्ही बरे." हॉटेलवाला चाटच पडला. दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या वडशात झाली की दॅनमास्तरांचं काहीतरी बिनसलंय.

आम्ही खरे पेपर लिहिले. मी चांगला लिहिला, दादाने त्याच्या मानाने बरा लिहिला. घरी येताना तो म्हणाला, "जाऊ दे बाई. तू शीक. म्हशी काही वाईट नाईत." तो हे मनापासून म्हणाला, त्यामुळे मला आणखीच वाईट वाटलं. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. घरात फराळाचं तळण चाललं होतं आणि मला वास नकोसा झाला होता. बाबा रोज वडशाच्या वाटेकडे पाहायचे. मला वाटायचं, मास्तर येऊच नयेत. वाटायचं, एकदाचे येऊन तरी जावेत.

ते आले. काळा कोट, छत्री, पायांत धुळीने पांढरे झालेले बूट. मायने गुळाचा चहा केला. बाबांनी लगेच विषय काढला नाही, आल्या माणसाला आधी शेत दाखवायचं असतं. "चला जी, धान पाहून येऊ," म्हणाले. पुढे ते दोघं, मागे आम्ही दोघं. दादाने माझा हात धरला होता, एरवी तो मोठा झाल्यापासून धरत नसे.

आमच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, लागून होत्या. एकीत धान पिवळाधमक झालेला, कापणी सुरू होती. दुसरीत हिरवागार उभा. मधल्या बांधावर, धुऱ्यावर, मास्तर थांबले, छत्रीचं टोक पिवळ्याकडे केलं, मग हिरव्याकडे केलं, आणि म्हणाले, "हा धान त्या धानापेक्षा चांगला आहे."

बाबा जागच्या जागी उभे राहिले. "नाई जी मास्तर. असं नाई म्हणत."

"का? दोन्ही समोर तर आहेत."

"समोर हायेत. पण हा हलका धान. लवकर येते, आला. तो चिन्नोर, भारी धान. त्याले अजून वेळ हाय. आज पाहान तं गवतच दिसन. दोन्ही खळ्यावर आल्याबिगर सांगता येत नाई जी."

मास्तरांनी छत्री खाली टेकवली. "पुन्हा म्हणा."

बाबांना वाटलं ऐकू आलं नाही. ते मोठ्याने म्हणाले, "दोन्ही खळ्यावर आल्याबिगर सांगता येत नाई."

"आणि निकाल लावायचा म्हणून तो हिरवा आजच कापला तर?"

"कापन कोण? येडा हाय का कोणी?"

कापणाऱ्या बायाही थांबून पाहू लागल्या होत्या. मास्तर बाबांकडे वळले. कोटाचं बटण लावलं, जसं ते वर्गात नवा धडा सुरू करताना लावायचे. "मग मी तरी निकाल कसा देऊ? तुमची दोन्ही लेकरं अजून बांधीत उभी आहेत. मी सहामाहीला सांगतो म्हणालो, ती माझी चूक. मॅट्रिकपर्यंत थांबायला हवं. तिथे दोघंही खळ्यावर येतील. मग सांगतो."

बाबांनी हिरव्या बांधीतली एक लोंबी हातात घेतली, दाबून पाहिली, सोडून दिली. मग ते म्हणाले, "तुमीच थांबा म्हणता तं थांबतो. मंग मॅट्रिकले द्या निकाल."

मी धुऱ्यावर मटकन खाली बसले आणि हसू की रडू ते कळेना. दादा हात सोडून कापलेल्या बांधीतून उगीचच धावत सुटला, धसकटं टोचत होती तरी. पार टोकाला जाऊन थांबला आणि तिथून हात वर करून हलवायला लागला. मी त्याच्याकडे पाहत राहिले. इतकं मोकळं मला पुढे मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हाही वाटलं नाही.

रात्रीच्या जेवणाला मास्तर थांबले नाहीत, मायने बांधून दिलेल्या करंज्या घेऊन गेले. त्यानंतर घरात ते बोलणंच पडून गेलं. मामा स्थळाचं विचारायला आला तर बाबा म्हणाले, "पोट्टी अजून बांधीत हाय." मामाला काही उमगलं नाही. माय तोंडाला पदर लावून हसली.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही जरा खटकली होती. सुट्टीनंतर शाळा सुरू झाली. मला वाटलं, आता मास्तर नेहमीसारखे भर वर्गात आपली चूक सांगतील. हलका धान, भारी धान, मी कसा फसलो ते. खुंटीची सांगितली होती, तशी. त्यांनी चकार शब्द काढला नाही. धानाचं ते वाक्य फळ्यावर कधीच आलं नाही.

पुढे आम्ही दोघं मॅट्रिक झालो. दादाला घासून घासून व्हावं लागलं, पण झाला. मी शिकवायला लागले, दादाला रेल्वेत बोलावणं आलं. त्याच सुमारास मास्तरांनी सागरला परत जायचं ठरवलं. त्यांना पोचवायला आम्ही स्टेशनवर गेलो. बाबांनी नव्या चिन्नोरची पिशवी बांधून आणली होती. हॉटेलवाला स्वतः चहा घेऊन फलाटावर आला आणि त्या दिवशी त्याने काही विचारलं नाही.

गाडी लागली. मास्तर खिडकीशी बसले आणि मग अचानक आठवल्यासारखे बाबांना म्हणाले, "शब्द राहिला आहे माझा. दोघं खळ्यावर आली. निकाल सांगू?"

बाबांनी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. "राहू द्या जी."

"शब्द दिला होता मी."

"तुमचा शब्द तुमाले परत."

मास्तर हसले. मी त्यांना असं तोंड भरून हसताना फारसं पाहिलं नव्हतं. शिट्टी झाली, मागच्या डब्यातून गार्डाचं हिरवं निशाण हललं आणि दादा त्या निशाणाकडेच बघत राहिला. गाडी वळणाआड गेली तसे आम्ही घरच्या वाटेला लागलो. बाबा पुढे चालत होते.

"लय खोटं बोलले मास्तर त्या दिवशी," ते एकदम म्हणाले.

"कोणत्या दिवशी?"

"धुऱ्यावर. अवो, गिरणीमागं इतकी वर्सं राह्यलेला माणूस. त्याले हलका-भारी समजत नाई का? दुकानदाराचा चिन्नोर पकडला होता त्यानं दिवाळीत, सगळ्या वडशाले ठाऊक हाय."

मी वाटेतच उभी राहिले. ज्या माणसाने खुंटी वाहून गेली म्हणून नदीचं वाक्य लिहिलं नाही, त्याने आमच्यासाठी एक खोटं वाक्य केलं होतं, आणि ते पोटात ठेवून तो सागरला निघून गेला होता.

"बाबा, मंग तुमी तेव्हाच काऊन नाई बोलले?"

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. चालता चालताच म्हणाले, "काऊन बोलू, बाई? मी बी शब्द देऊन फसलो होतो. त्यानं दार उघडलं, तं मी काऊन लावाव?"